नवतप्यातलं हिरवं गवत

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ भाजणारे दिवस, लागला की माझं डोकं फिरतं. उन्हानं फिरतं ते वेगळं. ते तर गोंदियात सगळ्यांचंच फिरलेलं असतं. ऑटोवाला उगाच भांडतो, भाजीवाली कोथिंबिरीची काडी वर द्यायला तयार नसते, आणि आमच्या ऑफिसातला कूलर पाणी सांडतो पण हवा देत नाही. माझं फिरतं ते फोनमुळे. या दिवसांत फोन वाजला की समजायचं, कुठल्या तरी धरणाच्या पाळीवरून कुणीतरी बोलतंय आणि निम्मं बोलणं वाऱ्यानं उडून जाणार आहे.

परवा तसाच वाजला. आमच्याकडे नवीन लागलेली इंजिनिअर होती. गुणी पोरगी, पण अजून उत्साह उतरायचा आहे. "मॅडम, पायथा बघितला. एकदम कोरडा आहे. कुठे थेंबसुद्धा नाही. मस्त आहे सगळं!"

"मस्त काय मस्त!" मी अशी ओरडले की समोरच्या टेबलावरच्या बाबूंचा चहा बशीत सांडला. "मागच्या वर्षी तिथून पाणी येत होतं ना? मग ते गेलं कुठे? आधी उतारावर फिर. कुठे गवत हिरवं दिसतंय का बघ. दिसलं तर तिथूनच फोन कर."

बाबूंनी विचारलं, "मॅडम, गवताचं काय असते?" मी म्हटलं, "काही नाही, चहा प्या." कारण गवताचं काय ते दोन वाक्यांत सांगता येत नाही. त्याला एक अख्खा नवतपा लागतो, आणि तो मी अंगावर काढलेला आहे.

मे महिन्यात लोकांच्या घरी लग्नं लागतात, पापड वाळतात. आम्हा पाटबंधारेवाल्यांच्या घरी धरणाची परीक्षा लागते. पावसाळा यायच्या आत धरण डोक्यापासून पायापर्यंत तपासायचं. दरवाज्यांना ग्रीस, वायररोपला तेल, भोंगा वाजतो की नुसता खोकतो ते बघायचं. पाळीवर उगवलेली बाभळीची आणि पळसाची झुडपं मुळासकट काढायची, कारण मूळ कुजलं की त्याच्या जागी पाण्याला आयती वाट मिळते. साळिंदराची बिळं, वाळवीची वारुळं, काहीच सोडायचं नाही. माझी आई म्हणायची, "सून घरात यायच्या आधी लोक इतकी चौकशी करत नाहीत." नागऱ्याकडची आमची पोवारांची शेती, आईला धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, कळायची, धरण हा तिला सरकारचा पसारा वाटायचा. खिशात कांदा ठेव, डोक्याला दुपट्टा बांध, एवढं बजावून ती मला बसमध्ये बसवून द्यायची. कांद्याचा वास दिवसभर अंगाला यायचा. साइटवरचे सगळेच कांद्यासारखे वास मारायचे म्हणून चालून जायचं.

ज्याच्यावर मी तो नवतपा काढला ते धरण होतं केशोरीच्या पुढे, जंगलाच्या कडेला, नदीवर. नाव सांगत नाही. धरणांनाही अब्रू असते. मातीची लांबच लांब पाळ, आतल्या बाजूनं दगड बसवलेले, बाहेरच्या बाजूनं गवताळ उतार, आणि उताराच्या पायथ्याशी एक नाली. पाळीतून झिरपलेलं पाणी त्या नालीत यायचं आणि नदीला मिळायचं. ऐकणाऱ्याला वाटतं, धरण झिरपतं म्हणजे गेलंच! तसं नाही हो. मातीचं धरण थोडं झिरपतंच. नवतप्यात ज्याला घामच येत नाही अशा माणसासारखं असतं न झिरपणारं धरण. त्याला धरून आधी दवाखान्यात न्यावं.

त्या वर्षी मागचा पाऊस भरपूर झाला होता. उन्हाळी धानाला पाणी देऊनही धरणात निम्मं पाणी शिल्लक होतं. सकाळची वेळ, तरी बुटातून पाय भाजत होते. तेंदूपत्ता तोडून परतणाऱ्या बाया पाळीवरून डोक्यावर पुडके घेऊन चालल्या होत्या आणि मला बघून हसत होत्या, की ही बाई पगार घेऊन उन्हात काऊन फिरते. माझ्यासोबत शेंडेभाऊ होते, आमचे गेटवाले. दरवाजे चालवणं, पाळीवर नजर ठेवणं त्यांचंच काम. पायथ्याच्या नालीपाशी आलो आणि शेंडेभाऊंनी हात पसरले.

"पाहा मॅडम! मागच्या साली इथून कसं धाधा पाणी येत होतं. आता पाहा, ठणठणीत! धरणानं आपली आपणच दवा केली."

मीही क्षणभर खूश झाले. मग मान वर केली. उतारावर सगळीकडे वाळकं, पिवळं, काडी लागली तर भुर्रकन पेटेल असं गवत. आणि मधेच, नालीच्या बरंच वर, एक गोधडीएवढा हिरवागार तुकडा. तिथे शेळ्या चरत होत्या. इतक्या आनंदानं चरत होत्या की एकीनंही मान वर केली नाही. मी वर चढले, तिथे हात टेकला. ओलं. बोटानं उकरलं तर गार.

पाणी थांबलं नव्हतं. खालचं दार बंद झालं म्हणून ते पाळीच्या पोटात चढलं होतं आणि वर दुसरं दार शोधत होतं. आज निम्म्या धरणाला हे, तर श्रावणात काठोकाठ भरल्यावर काय? पाळीच्या खाली बांध्या, बांध्यांच्या पलीकडे गाव. आंब्याची झाडं, कवेलूंची छपरं, वाळत घातलेल्या साड्या, सगळं त्या उतारावरून दिसत होतं. मी ते बघत राहिले आणि मला खरंच भीती वाटली.

नालीचं तोंड उकरायला लावलं. पाचोळा निघाला, त्याखाली चिखल. साधा वाहून आलेला गाळ नव्हे. चिकण मातीत तणस, म्हणजे भाताचा पेंढा, मळून, थरावर थर देऊन, टाचेनं दाबून दाबून बसवलेला चिखल. पहार लागली तर ठण्ण वाजावी इतका पक्का. शेंडेभाऊ कपाळाला हात लावून म्हणाले, "मॅडम, हे नालीचं बुजणं नाही जी. हा तर कोण्या चांगल्या शेतकऱ्यानं बांधलेला धुरा आहे."

आमच्या धानाच्या मुलखात हे काम कुणाला शिकवावं लागत नाही. बांधीचा धुरा, म्हणजे कडेचा मातीचा बांध, खेकड्यानं पोखरला, पाणी गळायला लागलं, की माणूस हातातला घास टाकून उठतो, जिथून पाणी बाहेर येतं तिथे चिखल-तणसाचा बोळा मारतो आणि टाच फिरवतो. सासू सुनेला सांगत नाही, बाप पोराला सांगत नाही. ते पायातच असतं. गळणारं पाणी दिसलं आणि बुजवलं नाही, तर आमच्याकडे त्याला माणूस म्हणत नाहीत, आळशी म्हणतात. फक्त धुऱ्याला जे औषध ते धरणाला विष, एवढंच कुणाच्या पायाला माहीत नव्हतं.

कोण असेल याचा शोध घ्यावाच लागला नाही. ते स्वतःच आले. पायथ्याला लागून ज्यांची बांधी होती ते मडावी बाबा, खांद्यावर फावडं, गुडघ्यापर्यंत धोतर, वयानं वाकलेले पण चाल अजून ताठ. आम्ही उकरतोय बघून ते आधी चिडले.

"काऊन उकरून राहिले जी? मोठ्या मेहनतीनं बुजवलो मी थे!"

"तुम्ही बुजवलं?"

"मंग कोन? पानी वाया जाऊन राहिलं होतं. शेंड्याले दहादा सांगतलो, थो म्हणे सायबाले सांगतो. सायेब काई आला नाई. मंग म्हटलं, तुमाले कायले तरास? दर साली धानाचा रोवना झाला का मी बुजवतो, पानी काढून टाकते. या खेपेले पक्का बसवलो. पैसे नाई मांगलो कोनाले." आणि ते माझ्याकडे बघत उभे राहिले. शाबासकीची वाट बघत होते हो! चेहऱ्यावर ते इतकं स्पष्ट दिसत होतं.

मी ओरडले. माझा आवाज मुळात मोठा, त्यात ऊन. "बाबा, तुम्ही धरण फोडायला निघालात! गाव वाहून जाईल सगळं! काही कळतं का तुम्हाला?"

बाबांच्या खांद्यावरचं फावडं हळूहळू खाली आलं. आधी ते शेंडेभाऊंकडे बघायला लागले, मग धरणाकडे, मग गावाकडे. मग पाळीच्या पलीकडे, पाण्याकडे हात करून म्हणाले, "माहा पयला गाव तथी आहे, खाली. धरन झालं तवा गेला. देवाचा दगड डोक्यावर घेऊन आनलो मी, अन् हा गाव बसवला. एक गाव पानी आलं म्हनून गेला. दुसरा पानी गेलं म्हनून जाऊ नये, म्हनून बुजवत होतो ना बाई. फोडासाठी थोडीच बुजवत होतो."

मला राग आला होता, तो कुठे गेला कळलं नाही. या माणसाचं एक गाव आमच्या धरणानं घेतलं, आणि तो वर्षानुवर्षं फुकटात, कुणी न सांगता, आमच्या धरणाची राखण करत होता. चुकीची राखण, पण राखणच. त्यांच्या घरातल्या कुणी कधी त्या धरणाला शिवी दिली असती तर मी समजू शकले असते. शेंडेभाऊंनी त्यांना सावलीत बसवलं, मी माझ्या बाटलीतलं पाणी दिलं. त्यांनी ते वरून, तोंड न लावता प्यायलं आणि बाटली पुसून परत दिली.

संध्याकाळी मी साहेबांना फोन केला. आमचे मोठे साहेब माणूस वाईट नव्हते, पण त्यांना सगळ्यात आधी स्वतःची खुर्ची दिसायची. ऐकताच म्हणाले, "सरकारी कामाचं नुकसान आहे हे. पोलिसात तक्रार द्या उद्या. उद्या काही झालं तर आपल्या अंगावर यायला नको."

"साहेब, म्हातारा माणूस आहे. आयुष्यात ठाण्याची पायरी चढला नसेल."

"मग धरण कशाला बुजवतो?"

"कारण त्याला कुणी सांगितलंच नाही! आपण पाळीवर बोर्ड काय लावले? पोहू नये, चढू नये, फोटो काढू नये. झिरपणारं पाणी बुजवू नये, असा एक बोर्ड दाखवा मला. तो म्हणतो शेंडेला सांगितलं, शेंडे म्हणतो वर सांगितलं, आणि वर म्हणजे कोण साहेब? तक्रार द्यायची तर रांगेनं सगळ्यांची देऊ."

मला वाटलं, आता आपलीच बदली होते. पण साहेबांनी नुसता सुस्कारा टाकला. "पाऊस यायच्या आत नाली मोकळी करा. धरण भरल्यावर पाणी नितळ आलं तर विषय संपला. गढूळ आलं, म्हणजे आतली माती सुटली. मग मी कुणाचं ऐकणार नाही. तक्रारही होईल आणि गावही रिकामं करावं लागेल."

म्हणजे सगळं येऊन त्या पाण्याच्या रंगावर थांबलं. बाबांची इज्जत त्यावर, त्यांचं दुसरं गाव त्यावर. मी त्यांना ते लपवलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन स्पष्ट सांगितलं. अंगणात मोहाची वाळलेली फुलं पसरली होती, गोड, दाट वास होता. सून चुलीवरून भाताची हंडी उतरवून त्यातली पेज निथळत होती. हंडीच्या तोंडाशी झाकणी आडवी धरली होती, पांढरं पाणी खालच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पडत होतं, शितं आत राहत होती. मी बोलता बोलता थांबले.

"बाबा, ते बघा. सून काय करून राहिली?"

"पेज काढून राहिली. त्यात का पाहाचं?"

"पाणी जाते, शीत जात नाही. बरोबर? आता ती झाकणी कणकेनं लिंपून टाकली आणि खाली जाळ ठेवला तर?"

सून हसली. "उतू जाईल ना जी. नाई तं हंडीच फुटेल."

"धरणाचं तेच आहे. पाणी जाऊ द्यायचं, मातीचं शीत जाऊ द्यायचं नाही. झाकणी धरायची, लिंपायची नाही."

बाबा त्या हंडीकडे बघत राहिले. मग इतक्या हळू म्हणाले की मला पुढे झुकावं लागलं. "असं पयले कोनी काऊन नाई सांगतलं बाप्पा?"

मजूर मिळत नव्हते; सगळे तेंदूपत्त्याला. बाबांनी गाव आणलं. ज्या टाचांनी चिखल दाबला त्याच टाचांवर बसून ते चिखल उकरत होते, आणि दर पाच मिनिटांनी पुटपुटत होते, "लय पक्का बसवलो बाप्पा, लय पक्का." गावातल्या बाया त्यावरून त्यांना छळायच्या, "बाबा, घराची भिंत अशी बांधली असती तं पोपडे नसते पडले!" तेही हसायचे. बोळा सुटला तेव्हा आतून गढूळ, लालसर पाणी आलं. सगळे मागे सरले. मी म्हटलं, हा बोळ्याचाच चिखल आहे, घाबरू नका. पण माझा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. मग आम्ही झाकणी बसवली: आत वाळू, त्यावर बारीक गिट्टी, त्यावर जाड, वरून दगड. हिरव्या गवताच्या जागीही तसंच केलं. शेळ्यांना ते अजिबात आवडलं नाही. पाण्याचा रंग फिकट होत होत उतरला. पण ते अर्ध्या धरणाचं पाणी होतं. खरी परीक्षा श्रावणात.

त्या दिवसांतलं माझं जेवण मला आठवत नाही, झोप आठवत नाही. आठवतं ते एवढंच की लग्नाच्या पंगतीत बसले तरी वाढप्याच्या हातातलं वरण गढूळ की नितळ हे मी बघत होते. आई म्हणाली, "हिला धरण लागलं." भूत लागतं तसं म्हणाली ती. नवतपा संपला, मिरग आला, भाताच्या रोपांचे परे टाकले गेले. पाळ वरून हिरवी झाली, आणि आता कुठलं हिरवं चांगलं आणि कुठलं वाईट हे ओळखायची सोयच राहिली नाही.

श्रावणात धरण भरलं. सांडव्यावरून पाणी पडायला लागल्याचा शेंडेभाऊंचा फोन आला आणि मागोमाग दुसरा, धापा टाकत: "मॅडम, लवकर या. गाववाले फावडे घेऊन नालीवर गेले."

मी पोचले तेव्हा पाऊस उघडला होता. रोवणा, म्हणजे भाताची लावणी, अर्धवट टाकून माणसं आली होती. बायांच्या साड्या गुडघ्यापर्यंत खोचलेल्या, टोपल्यांत चिखल, चिखलात तणस. नालीतून पाणी येत होतं, आणि ते मागच्या कुठल्याही वर्षापेक्षा जास्त येत होतं. येणारच, वाट मोकळी झाली होती. पण ज्यांच्या पायातच बुजवणं आहे त्यांना ते बघवत नव्हतं. "धरन फुटून राहिलं!" कुणीतरी ओरडत होतं. "सरका बाबा, बुजवू द्या!"

आणि नालीच्या तोंडाशी, पाण्यात दोन्ही पाय रोवून, हात पसरून मडावी बाबा उभे होते.

"फुटून नाई राहिलं," ते म्हणत होते, "निथळून राहिलं. कोनी हात लावू नका."

मी वाट काढत खाली उतरले. बाटली नालीत धरली, भरली, आणि उजेडासमोर उचलली. शेंडेभाऊ बघत होते, गाव बघत होतं, बाबा मात्र बघत नव्हते. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. बाटलीच्या पलीकडे मला माझी बोटं दिसत होती, नखांसकट, स्वच्छ. तळाशी मातीचा कण नाही. मी मोठ्यानं सांगितलं, "नितळ आहे!" आणि तिथेच, सगळ्यांसमोर, मला रडू आलं. साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "बरं झालं. विषय संपला."

गर्दीतल्या एका बाईचा अजून विश्वास बसत नव्हता. टोपली कमरेवरच धरून ती म्हणाली, "पर बाबा, एवढं पानी वाहून राहिलं अन् तुमी पाहून राहिले? तुमीच तं बुजवत होते!"

बाबांनी डोळे उघडले. पाय पाण्यातून काढले नाहीत.

"वाहू दे वो," ते म्हणाले. "थे वाहून राहिलं, म्हनून आपन राहून राहिलो."

बायांनी टोपल्यांतला चिखल बांधीत ओतला आणि रोवणा पुढे सुरू झाला.